जंगली स्टीलहेड सोडावा कसा, राखावा कसा

मनालीकडे फिरायला गेलेल्या अनेकांनी तिथला ट्राउट खाल्ला असेल. शेततळ्यांत वाढवलेला तो बहुधा रेनबो ट्राउट असतो, मूळचा उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा. त्याच जातीची काही पिल्लं नदी सोडून पॅसिफिक महासागरात जातात, तिथे एक ते तीन वर्षं चरून धिप्पाड होतात आणि अंडी घालायला पुन्हा नदीत येतात. त्यांना स्टीलहेड म्हणतात. आपल्याकडे पहिल्या पावसात चढणीचे मासे ओढ्यांत शिरतात, तशीच ही चढण. फक्त अंतर शेकडो किलोमीटरचं असू शकतं.

या माशाची राखण बऱ्याच ठिकाणी गळ टाकणारे हौशी लोकच करतात. ते काय करतात, हे ओरेगन राज्यातल्या नॉर्थ अंपक्वा नदीवर टप्प्याटप्प्याने पाहू.

सुरुवात गळापासून नव्हे, तापमापकापासून होते. स्टीलहेडला थंड पाणी लागतं. पाणी 20 अंश सेल्सियसच्या आसपास गेलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. अशा वेळी गळाला लागलेला मासा दमतो आणि सोडल्यावरही मरू शकतो. म्हणून पाणी तापलं की काठी गुंडाळायची. सकाळी गार असलेलं पाणी दुपारी तसंच असेल असं नाही, हे अनेकजण विसरतात.

मग सामान. एकच गळ, आणि त्याच्या टोकामागची उलटी आकडी पकडीने दाबून सपाट केलेली. म्हणजे तो ओठातून सहज निघतो. खरं आमिष नको. मासा ते गिळतो आणि गळ खोल घशात रुततो. नॉर्थ अंपक्वाच्या सुमारे 50 किलोमीटरच्या पट्ट्यात तर फक्त पिसं आणि दोरा बांधून केलेली नकली माशीच चालते. दोरी मात्र भक्कम हवी. बारीक दोरीवर माशाला तासभर खेळवण्यात काही जणांना मर्दुमकी वाटते. माशाच्या दृष्टीने तो निव्वळ छळ.

मासा जवळ आला की ओळख पटवायची. पाठीवरचा मोठा पर आणि शेपूट यांच्यामध्ये एक छोटासा, मांसल पर असतो, त्याला मेदपर म्हणू. मत्स्यबीज केंद्रात वाढवलेल्या पिल्लांचा हा पर नदीत सोडण्याआधी सहसा कापतात. पर शाबूत असेल तर तो नदीच्या खडीत जन्मलेला, म्हणजे जंगली मासा समजायचा. तो सोडायचा. पर नसेल आणि त्या ठिकाणचा नियम परवानगी देत असेल, तर घरी नेता येतो. किंबहुना तो नेलेलाच बरा, कारण केंद्रातले मासे जंगली माशांशी जुळले तर पुढची पिढी नदीत टिकायला कमजोर निघते.

आता सोडणं. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, आणि त्यांचं मूळ बहुतेकदा फोटोत असतं. मासा उंच धरायचा, हसायचं, कॅमेरा सापडेना म्हणून थांबायचं; तोवर त्याचा श्वास बंद. वॉशिंग्टन राज्यात तर सोडणं बंधनकारक असलेला स्टीलहेड पाण्यातून पूर्ण बाहेर काढणंच बेकायदा आहे. आपण हात आधी ओले करावेत, कारण कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि जंतूंना वाट मिळते. जाळी रबरी असावी. कल्ल्यांत बोटं घालू नयेत, माशाला काठावरच्या गोट्यांवर निजवू नये.

गळ निघाला की माशाचं तोंड प्रवाहाकडे करून शेपटीजवळ हलकेच धरायचं. त्याला मागेपुढे ढकलू नये. कल्ल्यांतून पाणी पुढून मागे जायला हवं, उलटं गेलं तर फायदा नाही. ताकद आली की तो स्वतःच हात झटकून जातो. बहुतेक पॅसिफिक सामन अंडी घालून मरतात, तसा हा मासा मरतोच असं नाही. काही पुन्हा समुद्रात जाऊन परततात.

हिवाळ्याच्या शेवटी आणि वसंतात नदीत पाय टाकतानाही जपावं लागतं. मादी शेपटीने खडीत खळगा करते, त्यात अंडी सोडते आणि वरून खडी लोटते. तळाशी आजूबाजूपेक्षा उजळ, धुतल्यासारखा दिसणारा पट्टा म्हणजे हे घरटं. पुष्कळजण खळगा टाळतात आणि त्याच्या खालच्या अंगाला असलेल्या उंचवट्यावर उभे राहतात. अंडी नेमकी त्या उंचवट्याखाली असतात.

इथवर झालं ते एकेका माशापुरतं. माझ्या मते खरं काम वरच्या ओढ्यांत आहे, जिथे गळ टाकायलाच बंदी आहे. नॉर्थ अंपक्वाला मिळणारा स्टीमबोट क्रीक 1932 पासून मासेमारीला बंद आहे. उन्हाळ्यात त्याच्या एका गार डोहात शेकडो स्टीलहेड दाटीने थांबतात. चोरट्यांनी तिथे सुरुंगसुद्धा लावले. मग ली स्पेन्सर हे पुरातत्त्वज्ञ 1999 पासून वर्षानुवर्षं, हंगामभर त्या डोहाकाठी बसले, माशांच्या नोंदी करत. कोणीतरी पाहतं आहे, एवढ्यानेच चोरांना आळा बसतो. चोरी दिसलीच तर स्वतः भिडू नये. राज्य पोलिसांची त्यासाठी वेगळी फोनलाइन आहे.

डोह राखला, पण काठचं जंगल तोडलं तर पाणी तापतं आणि गाळ खडीत बसून अंडी गुदमरतात. स्टीमबोट इन चालवणारे फ्रँक मूर यांनी हे 1960 च्या दशकात दाखवून दिलं. त्यांच्या पुढाकाराने निघालेल्या ‘पास क्रीक’ या 1968 च्या लघुपटात तोड झालेल्या ओढ्यांची दुर्दशा लोकांनी पाहिली. ओरेगनने 1971 मध्ये जंगलतोडीला नियम घालणारा कायदा केला. पुढे 2019 मध्ये अमेरिकी संसदेने स्टीमबोट खोऱ्यातली जवळपास एक लाख एकर जमीन फ्रँक आणि त्यांच्या पत्नी जीन यांच्या नावाने जंगली स्टीलहेडसाठी राखीव ठेवली.

तरीही 2020 मध्ये वणव्याने नदीकाठचं बरंच जंगल जळालं आणि 2021 च्या उन्हाळ्यात मासे इतके कमी आले की नदी गळासाठी बंद करावी लागली. अशा वर्षी आपल्या हाती उरतात ती कोरडी कामं: रस्त्याखालच्या ज्या अरुंद नळ्यांमुळे माशांची चढण अडते त्या शोधून वनखात्याला कळवणं, काठावर झाडं लावणं, आणि तापमापक घेऊन ओढ्याच्या नोंदी करत राहणं.