कचेरी बांधताना कान्हेरीकडून काय घ्यावे?

एका पावसाळ्यात दाखल्यासाठी उपनगरातल्या एका सरकारी कचेरीत गेलो होतो. नाव सांगत नाही. तुम्हीही अशाच एखाद्या ठिकाणी कधीतरी उभे राहिला असाल. दारावर देवळासारखी सिमेंटची कमान, दोन्ही बाजूंना नक्षीचे खांब. आत शिरलो आणि वारसा संपला. अरुंद बोळ, भर दुपारी ट्यूबलाइट, जिन्यापर्यंत गेलेली रांग. पायरीवर टेकलेल्या एका आजोबांना शिपाई उठवत होता, वाट अडते म्हणून. मी अनेक वर्षे वास्तुरचना शिकवली, त्यामुळे रांगेत एकच प्रश्न डोक्यात घोळत राहिला. प्राचीन वारशातून आपण नेमके उचलतो काय?

रूप उचलणे सर्वांत सोपे. बंगळुरूचे विधानसौध बघा. 1956 साली पुऱ्या झालेल्या या इमारतीत द्राविडी मंदिरांचे खांब आहेत, घुमट आहेत. परक्या राज्यकर्त्यांच्या कचेऱ्यांना आपले उत्तर असावे, हा मुख्यमंत्री केंगल हनुमंतय्यांचा हट्ट त्या काळी समजण्यासारखा होता. पण नुसते रूप घेतले की पुढच्यांच्या हाती कमानच उरते, तीही सिमेंटची.

चार्ल्स कोरिया यांनी वेगळी वाट धरली. मुंबईत राहून काम केलेल्या या वास्तुरचनाकाराकडे 1980 च्या सुमारास भोपाळच्या विधानभवनाचे काम आले. इमारत पुरी व्हायला 1996 उजाडले. त्यांनी आराखडा गोल घेतला आणि त्याचे नऊ भाग पाडले. मधल्या पाच भागांत चौक आणि दालने, चार कोपऱ्यांत सभागृहे व ग्रंथालय. (त्यातले एक सभागृह विधान परिषदेसाठी. मध्य प्रदेशात ही परिषद अजून अस्तित्वात आलेली नाही!) विधानसभेवरचा घुमट जवळच्या सांचीच्या स्तूपाची आठवण देतो. पण मला महत्त्वाचे वाटते ते चालणे. उघड्या आकाशाखालून सावलीत, सावलीतून पुन्हा उजेडात असे आपण आत जातो. या वास्तूला 1998 साली आगाखान पुरस्कार मिळाला.

आपल्याला तर सांचीपर्यंतही जायला नको. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. मोठ्या चैत्यापाशी फोटो काढून लोक परततात. मी विद्यार्थ्यांना वरच्या साध्या लेण्यांकडे नेत असे. समोर अंगण, कडेला कातळात खोदलेले पाण्याचे टाके, चार पायऱ्या चढून ओसरी, मग खोली, आणि भिंतीलगत दगडी बाक. डोंगरउतारावर पन्हळी कोरून पावसाचे पाणी टाक्यांकडे वळवले आहे. पाऊस संपून महिने लोटले तरी कित्येक टाक्यांत पाणी असते. शिलालेखांत टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. कल्याणच्या एका सोनाराने अशी पोढी दान दिल्याचे तिथे कोरलेले आहे. अकराव्या लेण्याला ‘दरबार’ म्हणतात. त्यात दोन लांबच लांब, बुटके दगडी कट्टे आहेत. हे लेणे बघताना मला वाटते, चार माणसे जमणार तर ती बसणार कुठे, हे खोदणाऱ्याने आधी ठरवले असणार.

मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा झाला 1990 साली, मुख्यालय वांद्र्याला. उद्या अंधेरीत, मुलुंडला किंवा घाटकोपरला नवे मोठे शासकीय मुख्यालय बांधायचे ठरले तर मी कमानीचे चित्र बाजूला ठेवीन. तिरपा पाऊस आत येणार नाही इतकी खोल ओसरी मागेन. रांग त्या ओसरीत आणि खिडक्याही तिच्याकडेच तोंड करून. मधोमध चौक, म्हणजे बोळात दिवा लावावा लागणार नाही. चौकाखाली पावसाच्या पाण्याचे टाके.

जागेचा भाव ऐकून ठेकेदार हसेल, ठाऊक आहे. चौकात एक पैशाचे बांधकाम होत नाही, आणि मजले तर वर चढवावेच लागणार. चढवावेत. पण ज्या टेबलांशी लोकांचे रोजचे काम पडते, ती तळमजल्यावर ओसरीलगत ठेवायला काय हरकत आहे? साहेबांची दालने वर गेली तर लिफ्टसाठी साहेब थांबतील.

आणि भिंतीलगत बाक हवेतच, पाठ टेकता येतील असे. रुंदी किती ठेवावी, असे विद्यार्थी विचारीत. मी त्यांना कान्हेरीच्या बाकावर बसवून मोजायला लावत असे.