गूढलेखनाचें गणित विद्यार्थ्यानें कसें शिकावें ?

आपलें मनोगत परक्याच्या हातीं न पडतां इष्ट व्यक्तीस कळावें, ही इच्छा फार पुरातन आहे. वात्स्यायनानें चौसष्ट कलांत ‘म्लेच्छितविकल्प’ म्हणजे सांकेतिक लेखन ही एक कला गणिली आहे. परंतु आतां या कलेचें शास्त्र झालें असून तिचा संबंध राजे व हेर यांच्यापुरता उरलेला नाहीं. घरांतील सून मोबाईलवरून वाण्याचें देणें भागविते, वडिलांचें पेन्शन बँकेंत जमा होतें, परदेशीं असलेल्या मुलाचा निरोप येतो. या प्रत्येक व्यवहारामागें गूढलेखनाचें कुलूप असतें. हें कुलूप लोखंडाचें नसून संख्यांचें आहे. तें कसें घडतें हें जाणणारे तरुण आपल्या घरांतून निघावेत असें ज्यांस वाटतें, त्यांच्यासाठीं हा लेख आहे.

इंजिनियरिंगच्या अनेक वर्गांत हा विषय शिकविला जातो. आमच्या एका नातीनें तो घेतला होता. परीक्षेपुरत्या रीति तिला मुखोद्गत होत्या; तथापि ‘असें कां ?’ या प्रश्नास तिच्यापाशीं उत्तर नव्हतें, आणि ‘गणित हें माझें काम नव्हे’ अशा निराशेनें तिनें विषयच सोडण्याचें मनांत आणलें होतें. तिची बुद्धि मंद नव्हती. पायरी चुकली होती. संगणकापासून निघून ती संख्येकडे येऊं पाहत होती. वस्तुतः मार्ग याच्या उलट आहे.

पहिली पायरी बाकीची. आज सोमवार असेल तर शंभर दिवसांनीं कोणता वार येईल ? आपण शंभर दिवस मोजीत बसत नाहीं. शंभरास सातांनीं भागून बाकी दोन उरते, म्हणून बुधवार, असें म्हणतों. भागाकार टाकून केवळ बाकीवर लक्ष ठेवणें, हेंच या शास्त्राचें मूळ होय. दुसरी पायरी सतराव्या शतकांतील फ्रेंच गणिती फर्मा याच्या सिद्धान्ताची. भाजक मूळ संख्या असेल आणि दुसऱ्या संख्येस तिनें भाग जात नसेल, तर त्या दुसऱ्या संख्येचा ‘भाजक उणें एक’ इतका घात केला असतां बाकी नेहमीं १ उरते. भाजक ७ व संख्या ३ घ्या. तीनाचा सहावा घात ७२९. त्यास सातांनीं भागा, बाकी १. हाच विचार पुढें ऑयलरनें अठराव्या शतकांत मूळ नसलेल्या भाजकांसही लागू केला.

आतां कुलूप पाहूं. पूर्वीच्या सर्व गूढलिपींत एक अडचण होती : लिहिणारा व वाचणारा या दोघांपाशीं एकच किल्ली असावी लागे, आणि ती आधीं गुप्तपणें पोंचवावी लागे. १९७६ सालीं अमेरिकेंतील डिफी व हेलमन यांनीं कुलूप लावण्याची किल्ली उघड ठेवून उघडण्याची तेवढी गुप्त राखतां येईल, असा विचार प्रसिद्ध केला. पुढील वर्षीं रिव्हेस्ट, शमीर व एडलमन या तिघांनीं तसें कुलूप करून दाखविलें. तें लहान प्रमाणावर कोणासही पाटीवर करून पाहतां येईल.

३ आणि ११ या दोन मूळ संख्या घ्या. त्यांचा गुणाकार ३३. प्रत्येकींतून एक वजा करून गुणा. २ गुणिले १० म्हणजे २०. ३३ हा भाजक आणि ३ हा घात आपण जगजाहीर करतों. कोणास ४ हा अंक गुप्तपणें कळवावयाचा असेल तर त्यानें त्याचा घन करावा : ६४, ३३ नें भागून बाकी ३१. हा ३१ वाटेंत कोणींही पाहो. आपल्यापाशीं गुप्त घात ७ आहे. ३१ चा सातवा घात करावयाचा. पण ३१ म्हणजे तेहेतिसास दोन कमी, म्हणून उणें दोनाचाच सातवा घात पुरे. तो उणें १२८. त्यांत ३३ ची चौपट १३२ मिळवा, मूळचा ४ परत आला! हें कां घडलें ? तीन व सात यांचा गुणाकार २१. ३३ शीं सामायिक अवयव नसलेल्या संख्येचा विसावा घात बाकी १ देतो, म्हणून एकविसावा घात त्या संख्येसच परत आणतो. इतकेंच रहस्य आहे.

पण हा ७ सांपडला कसा ? तिनास कशानें गुणलें असतां विसांनीं भागून बाकी १ उरेल, हा तो प्रश्न. लहान संख्यांत उत्तर चांचपडून मिळतें. शेंकडों अंकी संख्यांत रीति पाहिजे, आणि ती रीति म्हणजे आपला कुट्टक! आर्यभटानें ४९९ सालच्या ग्रंथांत तो सांगितला, ब्रह्मगुप्तानें ६२८ सालीं एका अध्यायासच त्याचें नांव दिलें, आणि भास्कराचार्यांच्या लीलावतींत क्षेप एक मानून केलेल्या ‘स्थिरकुट्टका’ची रीति आहे. ग्रहगणितासाठीं घडलेलें हें हत्यार आज गुप्त किल्ली शोधण्यास जसेंच्या तसें उपयोगी पडतें. नातीच्या पुस्तकांत तेंच युक्लिडच्या विस्तारित रीतीच्या नांवानें होतें. आम्हीं लीलावती उघडली, तिनें आपली वही उघडली, आणि दोन्हींकडे भागाकारांची तीच वल्ली उतरलेली पाहतांच तिचा चेहरा उजळला. विषय सोडण्याची भाषा त्या दिवसापासून थांबली. यावरून आधुनिक गूढलेखन आमच्या पूर्वजांस ठाऊक होतें असें मात्र कोणीं समजूं नये. त्यांच्यापाशीं हत्यार होतें, कुलूप नव्हतें.

कुलुपाचें बळ कशांत, हें कळल्याखेरीज अभ्यास पुरा होत नाहीं. १०१ ला १०३ नें गुणणें हें मिनिटाचें काम. पण केवळ १०४०३ देऊन अवयव विचारा, म्हणजे उलट वाट किती चढणीची आहे तें दिसेल. तेहेतिसाचे अवयव मूलही सांगेल आणि गुप्त ७ काढील. म्हणून व्यवहारांत सुमारें ६१७ अंकी गुणाकार वापरतात. तरीही हें बळ कायमचें नव्हे. १९७७ सालीं एक १२९ अंकी संख्या आव्हान म्हणून छापली गेली, आणि ती फोडण्यास अब्जावधि वर्षें लागतील असा तेव्हांचा अंदाज होता. ती सतरा वर्षांत, १९९४ सालीं, सुमारें ६०० स्वयंसेवकांनीं यंत्रें जोडून फोडली. २०२० सालीं २५० अंकी संख्याही फुटली. शिवाय पुरेसा मोठा क्वांटम संगणक झाल्यास अवयव झपाट्यानें निघतील, हें शॉर यांनीं १९९४ सालींच दाखविलें. म्हणून २०२४ सालीं अमेरिकेच्या मानकसंस्थेनें निराळ्या गणितावर आधारलेलीं नवीं मानकें प्रसिद्ध केलीं. ज्यानें केवळ रीति पाठ केली, त्याची विद्या कुलुपाबरोबरच जुनी होते. ज्यानें कारण जाणलें, तो नवें कुलूप समजूं शकतो.

हें आपल्या मुलांच्या आवांक्याबाहेरचें आहे असें म्हणण्याचें कारण नाहीं. एखादी संख्या मूळ आहे कीं नाहीं, हें निश्चितपणें आणि आटोपशीर वेळांत ठरविण्याची रीति २००२ सालीं कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें मनींद्र अग्रवाल यांनीं नीरज कयाल व नितीन सक्सेना यांच्यासह शोधली. त्या वेळीं हे दोघे विद्यार्थी नुकतेच पदवीधर झाले होते. जगांतील मोठमोठ्या गणितज्ञांनीं या शोधाचें कौतुक केलें.

तेव्हां पालकांस एवढीच विनंति कीं, मुलानें वा मुलीनें हा विषय घेतल्यास पहिला महिना यंत्र बाजूस ठेवावयास सांगावें. दोन अंकी मूळ संख्या घेऊन एक कुलूप स्वहस्तें घडवावें, स्वहस्तें उघडावें, आणि मग भावंडानें घडविलेलें फोडून पाहावें. किती गुण मिळाले हें विचारण्यापूर्वीं ‘तो चार परत कां आला ?’ हें विचारावें. उत्तर त्याच्या स्वतःच्या शब्दांत आलें, कीं पाया भरला असें खुशाल समजावें.