देव पाण्यात घालून बसलेले चाहते

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्याने मला जिन्यात गाठलं. म्हणाला, "सर, तुम्ही तीन आठवडे भक्तीवर बोलताय. मग आम्ही क्रिकेटपटूंसाठी जीव टाकतो, ती भक्ती की नुसतं वेड?" मी घड्याळ दाखवून सुटका करून घेतली. आज तो पहिल्याच रांगेत बसलाय, म्हणजे आता सुटका नाही.

माझ्या पिढीतल्या तत्त्वज्ञानाच्या मास्तरांकडे याचं एक तयार उत्तर असतं. देवाची ती भक्ती, बाकी सगळा मोह. हे उत्तर मला आळशी वाटतं. 'फॅन' हा शब्दच बघा. तो इंग्रजीतल्या 'फॅनॅटिक'चा तुकडा, आणि त्याचं मूळ लॅटिनमधल्या 'फानुम' या शब्दात. फानुम म्हणजे देऊळ. आता आपला 'भक्त'. संस्कृत 'भज्' धातूचा एक जुना अर्थ आहे वाटणं, वाटा घेणं. भाग, विभाजन, विभक्त हे सगळे त्याच घरातले. आपल्या ताटातला 'भात'सुद्धा 'भक्त' या शब्दावरूनच आलाय, वाट्याला आलेलं अन्न म्हणून. तेव्हा भक्त म्हणजे मुळात वाटेकरी. हा अर्थ जरा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आणखी एक गंमत. विठोबाला आपण 'अरे विठ्ठला' म्हणतो, आणि सचिनलाही 'अरे' म्हणतो. माझ्या विभागप्रमुखांना मी तीस वर्षं 'अहो' म्हणत होतो, आणि ज्याला आयुष्यात एकदाही भेटलो नाही त्या सचिनला अरे-तुरे! ही जवळीक खोटी आहे का? हॉर्टन आणि वोल या दोघा अभ्यासकांनी १९५६ साली, टीव्ही नवा असताना, अशा एकतर्फी नात्यांवर लेख लिहिला. पडद्यावरचा माणूस आपल्याशी बोलतोय असं प्रेक्षकाला वाटतं, पण त्या माणसाला प्रेक्षक कोण हे माहीतही नसतं. बरोबरच आहे. पण एकतर्फी म्हणून भावना खोटी ठरत नाही. घरी येऊन जेवलो नाही म्हणून डोळ्यांतलं पाणी खोटं, असं कसं म्हणता येईल?

माझी शंका वेगळी आहे. मराठीत एक वाक्प्रचार आहे, देव पाण्यात घालून बसणं. सामन्याच्या दिवशी तो घरोघरी ऐकू येतो. मूळ प्रकार खराखुरा आहे: इच्छा पुरी होईपर्यंत देवाची मूर्ती पाण्यात बुडवून ठेवायची. म्हणजे बघा, ज्याची पूजा करायची त्यालाच ओलीस धरायचं! मीही यातून सुटलेलो नाही. २ एप्रिल २०११ ला अंतिम सामन्यात गंभीर टिकला तेव्हा मी ज्या खुर्चीत होतो, तिथून धोनीच्या षटकारापर्यंत उठलो नाही. पायाला मुंग्या आल्या. बायको म्हणाली, "तर्कशास्त्र शिकवायचात ना तुम्ही?" (हशा)

हा नवसाचा व्यवहार. मी काहीतरी सोसलं, आता तू दे. यात पाप काही नाही. गीतेने सातव्या अध्यायात चार प्रकारचे भक्त सांगितलेत: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. अर्थार्थी म्हणजे काहीतरी मागायला आलेला. त्यालाही तिथे दाराबाहेर काढलेलं नाही, चौघांनाही उदार म्हटलंय. अडचण येते ती देणं थकल्यावर.

१९ मार्च २००६, रविवार. मी मुंबईला बहिणीकडे गेलो होतो आणि भाच्याने वानखेडेची तिकिटं काढली होती. इंग्लंडविरुद्धची कसोटी. सचिन फलंदाजीला आला तेव्हा जो आवाज उठला तो अजून कानात आहे. शेजारी एक गृहस्थ होते, फार प्रेमळ, सकाळपासून आम्हाला डब्यातला ढोकळा देत होते. सचिन एकवीस चेंडू खेळून एका धावेवर बाद झाला, आणि परतताना प्रेक्षकांतल्या एका भागाने त्याची हुर्यो उडवली. त्याच्याच गावात, त्याच्याच मैदानात. ढोकळा देणारे गृहस्थ उभं राहून ओरडत होते. तीन महिन्यांपूर्वीच, डिसेंबर २००५ मध्ये, त्याने पस्तिसावं कसोटी शतक करून गावसकरांचा विक्रम मोडला होता. आणि या कसोटीनंतर थोड्याच दिवसांत लंडनमध्ये त्याच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. म्हणजे दुखरा खांदा घेऊन तो माणूस पॅव्हेलियनकडे चालला होता आणि आम्ही आमची थकबाकी मागत होतो.

'आम्ही' म्हणतोय ते मुद्दाम. मी ओरडलो नाही, पण त्या गृहस्थांना "बसा हो" असंही म्हणालो नाही. खरं सांगायचं तर माझ्या मनात तिकिटाचे पैसे आले होते.

त्याच्या दहा वर्षं आधीचं ईडन गार्डन्स तुम्हाला आठवत असेल. १३ मार्च १९९६, विश्वचषकाची उपांत्य फेरी, श्रीलंकेच्या २५१ धावा. आपण १ बाद ९८ वरून ८ बाद १२०. बाटल्या आल्या, स्टँडमध्ये आगी लागल्या, आणि सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला देऊन टाकला. नाबाद विनोद कांबळी रडत बाहेर आला. कोलकात्याला नावं ठेवायला हे सांगत नाही, मुंबईचं आत्ताच सांगून झालं.

आता यांच्यासमोर चेन्नईचं चेपॉक ठेवा. ३१ जानेवारी १९९९, पाकिस्तानविरुद्ध कसोटी. त्या दौऱ्यावरून वातावरण किती तापलं होतं, तर दिल्लीची खेळपट्टी आधीच उखडली गेली होती. जिंकायला २७१ हवे होते. पाठ दुखत असताना सचिनने १३६ काढल्या, १७ धावा उरल्या असताना तो बाद झाला, आणि उरलेले गडी चार धावांत कोसळले. बारा धावांनी हार. स्टेडियम क्षणभर सुन्न झालं. मग लोक उभे राहिले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या, पाकिस्तानसाठी. वसिम अक्रमच्या संघाने मैदानाला फेरी मारली आणि टाळ्या थांबेनात.

त्या लोकांचं दुःख ईडनपेक्षा कमी होतं का? मला नाही वाटत. पण आपण एका फार मोठ्या गोष्टीचे वाटेकरी आहोत, असं त्यांना त्या घटकेला कळलं असावं. वाटेकऱ्याच्या वाट्याला हारही येते. 'भज्'चा जुना अर्थ मला पुस्तकापेक्षा चेपॉकवर जास्त नीट कळतो.

तुम्ही म्हणाल, संतांनी काय कमी सुनावलंय? जनाबाई विठ्ठलाला शिव्या घालते! घालते. पण ती भांडून झाल्यावर कुठे जात नाही. तिचा दुसरा देव नाही, आणि देव तिच्या जात्याला हात लावायला येतो ही तिची खात्री आहे. ते घरातलं भांडण. हुर्यो उडवणाऱ्याला माहीत असतं की समोरचा उत्तर देऊ शकत नाही. शिवाय विठ्ठलाचा खांदा दुखत नाही हो. आपले हे देव माणसं आहेत, आणि आपण त्यांना देव म्हणतो ते कधीकधी त्यांचं माणूसपण विसरायला सोयीचं पडतं म्हणून.

अगदी अलीकडचं. १ एप्रिल २०२४, पुन्हा वानखेडे. रोहित शर्माच्या जागी हार्दिक पंड्याला मुंबईचं कर्णधारपद मिळालं होतं, त्या रागात मुंबईच्याच चाहत्यांनी त्याची हुर्यो उडवली. २९ जूनला बार्बाडोसमध्ये अंतिम सामन्याचं शेवटचं षटक त्यानेच टाकलं आणि भारत सात धावांनी जिंकला. ४ जुलैला विजयी संघ वानखेडेवर आला तेव्हा तिथे "हार्दिक, हार्दिक" असा घोष चालला होता. वृत्तपत्रांनी लिहिलं, मुंबईने त्याला माफ केलं. मी तो शब्द दोनदा वाचला. कोणी कोणाला माफ केलं? नवस पुरा झाला की देवाला पाण्यातून काढतात, पुसतात, देव्हाऱ्यात ठेवतात. त्याची माफी कोणी मागत नाही.

बरं, वेळ झाली. पहिल्या रांगेतून हात वर आहे, बोला. नाही, आज घड्याळ दाखवणार नाही.