‘गुण’ शब्दाचे अर्थ आणि कोशकाराची अडचण

‘गुण’ हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की त्याकडे पारिभाषिक शब्द म्हणून पाहणे सहसा सुचत नाही. रोग्याला औषधाचा गुण येतो. कोणी ‘गुण उधळले’ म्हटले की अवगुणच समजावयाचे असतात. कोशात हे सारे अर्थ क्रमांकाने एकाखाली एक येतात. त्यामुळे ते एकाच अर्थातून ओळीने निघाले असावेत, असा समज होतो. तो तपासून पाहावयास हवा.

संस्कृतात गुण म्हणजे दोरा, दोरीचा पेड, धनुष्याची प्रत्यंचा असाही अर्थ आहे. दोन पेडांचे ते द्विगुण, तीन पेडांचे ते त्रिगुण. येथून ‘पट’ या अर्थाकडे आणि पुढे गुण्य, गुणक, गुणाकार या गणिती परिभाषेकडे जाणारी वाट सरळ दिसते.

खरा घोटाळा होतो तो दर्शनांत. वैशेषिकांच्या मते गुण द्रव्याच्या आश्रयाने राहतो आणि त्याला स्वतःला गुण नसतो; रूप, रस, गंध ही त्याची उदाहरणे. कणादाने असे १७ गुण सांगितले, प्रशस्तपादाने ते २४ केले. सांख्यांचे सत्त्व, रज, तम मात्र प्रकृतीचे धर्म नव्हेत. त्यांची साम्यावस्था म्हणजेच प्रकृती. विज्ञानभिक्षूने तर ती द्रव्येच होत असे स्पष्ट म्हटले असून, पुरुषाला बांधणारी दोरी त्यांचीच वळली जाते, म्हणून त्यांना हे नाव, असा खुलासा केला आहे. ‘सत्त्व हा प्रकृतीचा गुणधर्म होय’ असे लिहिणारा वैशेषिकांचा अर्थ सांख्यांवर लादीत असतो.

साहित्यशास्त्रातील माधुर्य, ओज, प्रसाद हे दोषाच्या उलट असलेले गुण. तेथे लोकव्यवहारातलाच अर्थ आहे.

पाणिनीची गोष्ट निराळी. अष्टाध्यायीच्या दुसऱ्याच सूत्रात त्याने अ, ए, ओ या स्वरांना गुण ही संज्ञा दिली. ‘सूर्योदय’ शब्दातील ओकार हा गुण आहे तो त्यात काही चांगलेपण आहे म्हणून नव्हे, केवळ तशी संज्ञा केली म्हणून. व्युत्पत्ती खणून या अर्थाचा उलगडा होणार नाही. एकोणिसाव्या शतकात बॉपसारख्या तौलनिक भाषाभ्यासकांनी ही संज्ञा भाषांतर न करता जशीच्या तशी उचलली, हे शहाणपणाचे झाले.

तेव्हा कोशात संज्ञार्थ त्या त्या शास्त्राच्या नावाखाली वेगळा द्यावा, इतर अर्थांच्या ओळीत त्याला क्रमांक देऊ नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पत्रिका जुळविताना मोजले जाणारे ३६ गुण आणि परीक्षेतील गुण हे मात्र एकत्र ठेवण्यास हरकत नाही. दोन्हीकडे गुण हे मोजण्याचे एकक झाले आहे. अनुत्तीर्ण विद्यार्थ्यालाही काही गुण असतातच.