लेकराला व्यायाम हवा, अंगारा नको

सावेडीत गुलमोहर रस्त्याने किंवा पाइपलाइन रस्त्याने गेले की दवाखान्यांच्या पाट्यांवर ‘फिजिओथेरपी’ हा शब्द दिसतो. या भागातल्या बंगल्यांत धुणीभांडी करणाऱ्या आमच्या भगिनी रोज या पाट्यांखालून जातात. घरी दोन वर्षांचे लेकरू अजून बसत नसेल, तर त्याचा या पाटीशी संबंध आहे, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नसते. फिजिओथेरपी म्हणजे म्हाताऱ्यांचे गुडघे आणि अपघातातली मोडलेली हाडे, असाच आपल्यात समज आहे.

आमच्या वस्तीतील एका कुटुंबाची हकिकत सांगतो. बाळ अपुऱ्या दिवसांचे जन्मले, काही दिवस काचेच्या पेटीत होते. वर्ष झाले तरी मान धरीना. मुठी घट्ट, पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढत. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर असलेल्या त्या घरात आजी म्हणाली, “गेल्या जन्मीचे काहीतरी आडवे आले.” मग देवऋषी झाला, अंगारा झाला, उतारा झाला. यात दीड वर्ष गेले. पैसे पुन्हा मिळवता येतात, पण लेकराच्या शिकण्याच्या सर्वांत मोलाच्या काळातले ते दीड वर्ष होते. अडीच वर्षांचा झाल्यावर व्यायाम सुरू झाले. आज तो साडेचार वर्षांचा आहे. आधाराच्या खुर्चीत बसतो, दोन्ही हातांनी पेला धरतो, बापाला पाहिले की हात उंचावतो. चालत नाही, कदाचित चालणारही नाही. पण तो आता कोपऱ्यात पडून नसतो.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात परमपूज्य बाबासाहेबांनी गेल्या जन्मीच्या कर्माचा सिद्धांत नाकारला आहे. गरिबांच्या दैन्याची जबाबदारी राज्याने आणि समाजाने झटकावी, एवढाच त्या सिद्धांताचा उपयोग, हे त्यांनी दाखवून दिले. मग दिव्यांग लेकराच्या आईला तेच कारण आपण कोणत्या तोंडाने सांगतो? विनयपिटकात कथा आहे. पोटाच्या विकाराने एक भिक्खू स्वतःच्या घाणीत पडला होता. तथागतांनी आनंदाला बरोबर घेऊन त्याला स्वतः धुतले, उचलून खाटेवर निजवले. गेल्या जन्मी काय केलेस, हे त्याला विचारले नाही. विचारले ते इतर भिक्खूंना, की याची सेवा तुम्ही का केली नाही?

वरच्या लेकराला जे झाले त्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. गर्भात, जन्मताना किंवा त्यानंतरच्या कोवळ्या वयात वाढत्या मेंदूला इजा होते. अपुरे दिवस, प्राणवायू कमी पडणे, तीव्र कावीळ, मेंदूज्वर ही त्याची काही कारणे. ती इजा वाढत नाही, तशी भरूनही येत नाही. मग व्यायाम कशाला, असे लोक विचारतात. हाड वाढत जाते, पण ताठ स्नायू त्या वेगाने वाढत नाही. मग टाच वर उचलली जाते, गुडघा आखडतो, खुबा जागेवरून सरकतो. हे व्यायामाने आणि पायाच्या स्प्लिंटने काही प्रमाणात थोपवता येते. शिवाय लहान मेंदूचा शाबूत भाग तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करून नवे काम शिकतो. म्हणून लवकर ओळखणे महत्त्वाचे. चार महिने उलटूनही मान धरत नाही किंवा मुठी उघडत नाहीत, नऊ महिन्यांचे होऊन आधाराविना बसत नाही, वर्षाच्या आत एकच हात वापरते, दीड वर्षाचे होऊन चालत नाही, यांपैकी काही दिसले तर ‘बाप पण उशिरा चालला होता’ म्हणून थांबू नका.

मी वाणिज्य शाखेचा, हिशेबाचा माणूस. आठवड्यातून तीनदा पाऊण तास उपचार म्हणजे सव्वादोन तास. आठवड्याचे तास १६८. उरलेले सगळे तास लेकरू घरच्यांच्या हातात असते. म्हणजे खरा उपचार घरात होतो. तज्ज्ञ तो शिकवतात. पाय कात्रीसारखे होणाऱ्या मुलाला आपल्या पद्धतीने कडेवर घेतले की मांड्या आपोआप फाकतात. तो व्यायामच आहे. बसवताना भिंतीचा कोपरा पाठीला आधार देतो. आडवे निजवून वरणभात भरवू नये, अन्न श्वासनलिकेत जाते. बसवून, मान किंचित पुढे ठेवून भरवावे. झोळीत दिवसभर टाकू नये. मालिश सुखाची, पण ती व्यायामाची जागा घेत नाही, आणि ताठ पाय जोर लावून ओढणे तर घातकच. फिट आली तर कांदा नको, चप्पल नको, तोंडात चमचा नको. कुशीवर वळवा, आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठा.

हे सारे आईच्याच गळ्यात का? दवाखान्याबाहेर गाडीवर बसून राहणारे बाप मी पाहतो. त्यांनी आत येऊन व्यायाम शिकून घ्यावेत. लेकरू मोठे होते, वजन वाढते, आईची कंबर जाते.

मुंबईत मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया काढली. मुलगी मालिनी हिला सेरेब्रल पाल्सी होती, आणि इथे तिच्यासाठी योग्य शाळा नव्हती. त्यांना इंग्लंडमध्ये जाऊन शिकता आले. पुढे संस्थेने धारावीतही काम केले. मालिनी चिब यांनी आत्मचरित्र लिहिले, ते एका बोटाने टंकून. आमच्या लेकरांना इंग्लंड नाही, म्हणून सरकारी सोय हक्काने वापरली पाहिजे.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला यावयाचे असते. सेविकाताईंना तारीख विचारून ठेवा. पुढील उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे. त्याची चौकशी जिल्हा रुग्णालयात करा. मनमाड रस्त्यावर विळद घाटात विखे पाटील फाउंडेशनचे फिजिओथेरपी महाविद्यालयही आहे. आणि ‘स्टेम सेल’ची सुई देऊन मूल चालवून दाखवतो म्हणणाऱ्यापासून चार हात दूर राहा. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताचे काही विकार सोडले तर असा प्रयोग फक्त संशोधनातच करता येतो. त्यासाठी मंगळसूत्र गहाण टाकू नका.

आता कागद. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सी आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड आधी काढा, एसटीची सवलतही त्यावरच. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, त्यात थेरपीचा खर्चही धरतात. जन्माच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड फेकू नका, डॉक्टर ते पहिले मागतात. सर्व कागदांच्या तीन झेरॉक्स काढा, आणि अर्जावर नाव आधार कार्डावर आहे तसेच, अक्षरन् अक्षर लिहा. नावातल्या एका काना-मात्रेपायी अर्ज परत येतात. अर्ज ऑनलाइन भरता येत नसेल तर रविवारी वंदनेनंतर विहारातल्या कॉलेजच्या पोरांना गाठा, त्यांच्या हातात मोबाइल असतोच.