वेरूळच्या नावाचे गाव आणि कलकत्त्याचा गहू

कॅनडाच्या ओंटॅरिओ प्रांतात ग्रँड नदीच्या काठी एलोरा नावाचे एक लहानसे गाव आहे. हे नाव ऐकून मराठी माणसाने कान टवकारले तर नवल नाही, कारण ते मराठवाड्यातल्या वेरूळच्या लेण्यांचेच नाव आहे. १८३२ साली विल्यम गिल्किसन नावाच्या एका स्कॉटिश गृहस्थाने तिथे जमीन घेतली. त्याच्या भावाच्या जहाजाचे नाव ‘एलोरा’ होते. ते लेण्यांवरून ठेवलेले होते, आणि जहाजावरचे नाव पुढे गावाला मिळाले. समुद्र ओलांडून गेलेले नाव कुठे रुजेल याचा नेम नाही, हे आम्हां बेटावरच्या लोकांना वेगळे सांगायला नको!

या एलोरा गावाजवळ गेल्फ विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. गेल्फचे शेतकी कॉलेज १८७४ सालचे. गुरांच्या डॉक्टरांचे कॉलेज त्याहूनही जुने. ते १८६२ साली टोरांटोला निघाले आणि १९२२ साली गेल्फला आले. एलोराला पिकांच्या प्रयोगांची शेते आहेत आणि २०१५ साली सुरू झालेला दुभत्या गाईंचा मोठा संशोधन-गोठाही आहे.

संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पांढरा कोट आणि काचेच्या नळ्या येतात. गोठ्यात मात्र संशोधनाची सुरुवात शेण काढण्यापासून होते. धारा यंत्राने काढल्या जातात, पण सड पुसून स्वच्छ करावे लागतात आणि कासेला सूज आहे का, तेही पाहावे लागते. नव्याने जन्मलेल्या वासराच्या पोटात पहिल्या काही तासांतच चीक जावा लागतो. खाली कोरडा पेंढा घालायचा, पाणी गोठले नाही ना ते बघायचे. बाहेर बर्फ पडो की नाताळची सुट्टी असो, गाईची वेळ चुकवता येत नाही.

या कामावर सारे शास्त्र कसे उभे असते ते पाहा. समजा, एका गटातल्या गाईंना एक चारा आणि दुसऱ्या गटाला दुसरा चारा द्यायचा आहे. कुणी किती खाल्ले, किती उरवले, किती दूध दिले, हे रोज मोजायचे आहे. एखाद्या दिवशी चाऱ्याची अदलाबदल झाली किंवा उरलेला चारा न मोजताच फेकला गेला, तर पुढचे गणित कितीही हुशारीने मांडले तरी ते खोटेच येणार. शिवाय गाय काही बोलत नाही. ती आज रवंथ करत नाही, कळपापासून दूर उभी आहे, हे आधी ध्यानात येते ते रोज तिच्याजवळ वावरणाऱ्या माणसाच्या. कॅनडात प्राण्यांच्या काळजीविषयी एक राष्ट्रीय परिषद १९६८ सालापासून आहे. तिच्या नियमाप्रमाणे प्रत्येक संस्थेला प्राण्यांसाठी एक समिती नेमावी लागते. त्या समितीत शास्त्रज्ञ आणि गुरांचे डॉक्टर यांच्याबरोबर प्राण्यांची देखभाल करणारा माणूस आणि बाहेरचा एक सामान्य नागरिकही असतो. गोठ्यात राबणाऱ्याच्या शब्दाला तिथे अशी किंमत आहे.

गाईंचे झाले, आता पिकांकडे वळू. त्यासाठी एलोराहून राजधानी ओटावाला जायला हवे. तिथे शहराच्या मधोमध सुमारे ४०० हेक्टरांचे सरकारी प्रायोगिक शेत आहे. ते १८८६ सालच्या कायद्याने स्थापन झाले आणि विल्यम साँडर्स हे त्याचे पहिले संचालक झाले. त्या काळी पश्चिम कॅनडात ‘रेड फाइफ’ नावाचा उत्तम गहू पिकत असे. पण तो उशिरा पिकायचा आणि कापणीआधीच हिव पडून शेतकऱ्याचे वर्ष बुडायचे. म्हणून १८९२ साली साँडर्स यांचा मुलगा पर्सी याने रेड फाइफचा संकर भारतातून आलेल्या, लवकर पिकणाऱ्या एका गव्हाशी केला. त्या गव्हाचे नाव ‘हार्ड रेड कलकत्ता’.

गव्हाचा संकर म्हणजे सोनाराचे काम. गव्हाचे फूल स्वतःच्याच परागाने फळते. म्हणून ते उमलण्याआधी बारीक चिमट्याने आतले तिन्ही पुंकेसर काढायचे, ओंबीवर कागदाची पिशवी बांधायची आणि मग दुसऱ्या गव्हाचा पराग आणून लावायचा. इतके करूनही हाती येतात ते मोजके दाणे.

पर्सीचा भाऊ चार्ल्स याने १९०३ साली हे काम हाती घेतले. तो रसायनशास्त्र शिकलेला होता आणि काही काळ त्याने गाणेही शिकवले होते. त्याने एकेक ओंबी निवडून तिचे बी वेगळे पेरले. भाकरी कशी होईल हे पाहायला गिरणी नव्हती, म्हणून तो दाणे तोंडात घालून चावत बसे आणि चिकटपणा जोखत असे. लहानपणी गव्हाचे दाणे चावून चिकट गोळा केलेल्यांना ही युक्ती लगेच कळेल! १९०४ साली या नव्या जातीची सगळी मिळून १२ रोपे शेतात होती. पाखरांनी वा उंदरांनी ती खाल्ली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. ती राखली गेली. १९०९ साली ‘मार्क्विस’ नावाने हा गहू शेतकऱ्यांना मिळाला. तो रेड फाइफच्या सुमारे आठवडाभर आधी पिके. १९२० च्या सुमारास पश्चिम कॅनडातल्या गव्हात दहा भागांपैकी नऊ भाग मार्क्विसच होता. पुढे तांबेऱ्याला तोंड देणाऱ्या जाती आल्या आणि तो मागे पडला. पण कॅनडाला जगाचे कोठार बनवणाऱ्या गव्हाच्या अंगात भारतातल्या गव्हाचे रक्त होते, ही गोष्ट आपल्या मुलांना जरूर सांगावी.

त्याच शेतावर १९२० साली इझाबेला प्रेस्टन नावाच्या एका बाईंना रोजंदारीवर ठेवण्यात आले. शेतकी कॉलेजातल्या अभ्यासापेक्षा हाताने काम करून शिकणे त्यांना आवडे. १९४६ साली त्या निवृत्त झाल्या तोवर लिली, लायलॅक वगैरे फुलांच्या सुमारे २०० नव्या जाती त्यांच्या हातून तयार झाल्या होत्या.

वाचकहो, हे काम आपल्याला परके नाही. आपल्या रेदुईच्या ऊस संशोधन संस्थेतही तेच चालते. ती १९५३ साली निघाली आणि २०१२ पासून मॉरिशस केन इंडस्ट्री ऑथॉरिटीच्या छत्राखाली आहे. उसाला तुरा आला की एका तुऱ्याचा पराग दुसऱ्यावर पाडायचा, धुळीसारखे बारीक बी पेरायचे, हजारो रोपे जपायची आणि दहा-बारा वर्षांनी त्यांतले एखादे निवडायचे. एकेकाळी बेटभर पसरलेला ‘एम १३४/३२’ हा ऊस असाच, संस्था निघण्याच्याही आधी, तयार झाला. नावातले ३२ म्हणजे १९३२ साल. त्या रोपांना पाणी घालणाऱ्यांत, तण काढणाऱ्यांत आपलेच वाडवडील नव्हते काय? त्यांची नावे मात्र उसाच्या नावात आली नाहीत.

आज आपली मुले शिकायला कॅनडाला जातात. मुलगा डॉक्टर झाला, मुलगी अकाउंटंट झाली की आपण पेढे वाटतो. पण एखादीने कळवले की, “आई, मी संशोधन केंद्राच्या गोठ्यात वासरांची देखभाल करते,” तर घरातली माणसे ते शेजाऱ्यांना सांगायला कचरतात. आजोबांनी कोठीवर शेण काढले ते नातीने पुन्हा काढू नये म्हणूनच आपण कष्ट केले, असे त्यांना वाटते. त्या वाटण्यामागचे दुःख खरे आहे. आजोबांना ते काम निवडता आले नव्हते. त्या कामाचा मोबदला आणि मानही त्यांना मिळाला नाही. नातीने मात्र ते शिकून, स्वतःच्या मनाने निवडले आहे आणि तिच्या वहीतल्या नोंदींवर उद्याचे शास्त्र उभे राहणार आहे. तिचे पत्र आले की तेही शेजाऱ्यांना वाचून दाखवा, आणि पेढेही वाटा.