टाळेबंदीत पक्षाघात घटला?

"टाळेबंदीत बघा, ना लकव्याचे पेशंट, ना हार्ट अटॅकचे. धावपळ नाही, धूर नाही, बाहेरचं खाणं नाही. माणसं घरात स्वस्थ होती." 2020 सरून इतकी वर्षं झाली तरी हे अजून ऐकू येतं. आणि त्यामागोमाग ठरलेलं दुसरं वाक्य येतं: "म्हणजे एरवी उगाचच अ‍ॅडमिट करून घेतात." पहिलं वाक्य नुसतंच चुकीचं आहे. दुसरं जिवावर बेतणारं आहे, कारण त्यावर विश्वास ठेवणारा माणूस तोंड वाकडं झालेल्या वडिलांना 'सकाळपर्यंत बघू' म्हणत घरी ठेवतो.

मुळात आकडा खोटा नाही. 70 देशांतल्या 457 केंद्रांची पाहणी 2021 मध्ये 'न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात आली. महामारीच्या पहिल्या चार महिन्यांत पक्षाघातासाठी दाखल झालेले रुग्ण आधीच्या चार महिन्यांपेक्षा 11.5 टक्क्यांनी कमी होते. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळालेले रुग्ण 13.2 टक्क्यांनी घटले. पण ही मोजदाद रुग्णालयात पोहोचलेल्यांची आहे. मुसळधार पावसात शाळेची हजेरी निम्म्यावर आली म्हणून गावातली मुलं निम्मी झाली, असं कुणी म्हणत नाही. इथे मात्र तेच बिनदिक्कत म्हटलं जातं.

झटके खरोखर कमी झाले असते, तर जे आले ते नेहमीच्याच वेळात यायला हवे होते. हाँगकाँगच्या एका मोठ्या रुग्णालयातली नोंद उलटं सांगते. लक्षणं सुरू झाल्यापासून दारात पोहोचायला 2019 मध्ये मध्यक वेळ 95 मिनिटं होती. 2020 च्या सुरुवातीला ती 154 झाली. साडेचार तासांच्या आत पोहोचणारे 72 टक्क्यांवरून 55 टक्क्यांवर आले. काही मिनिटांत ओसरणारा छोटा झटका येऊन गेलेले रुग्ण आधी 16 टक्के होते, ते 4 टक्के उरले. हात सुन्न झाला, थोड्या वेळात बरा झाला, आणि कोविडच्या भीतीने माणूस घरीच राहिला.

मग घरी राहिलेल्यांचं काय झालं? इंग्लंड आणि वेल्सच्या मृत्यूनोंदी मार्च ते जून 2020 या काळासाठी तपासल्या गेल्या. हृदयविकार, पक्षाघात अशा अचानक उद्भवणाऱ्या आजारांचे रुग्णालयातले मृत्यू जवळपास नेहमीइतकेच राहिले, घरी झालेले 35 टक्क्यांनी वाढले. ज्यांना आपण 'कमी झालेले पेशंट' म्हणतो, त्यातले कित्येक या आकड्यात आहेत. हे वाचल्यावरही कुणी टाळेबंदीच्या आरोग्यदायी दिवसांचं कौतुक करू लागलं, की माझा संयम सुटतो.

स्वच्छ हवेचा थोडाफार उपयोग झालाही असेल. प्रदूषण आणि पक्षाघात यांचा संबंध सिद्ध आहे. पण रक्तदाब, मधुमेह, हृदयाचे अनियमित ठोके आणि रक्तवाहिन्यांत वर्षानुवर्षं साचलेले थर दोन महिन्यांत जात नाहीत. उलट त्याच काळात अनेकांच्या गोळ्या संपल्या, तपासण्या राहिल्या. आणि कोविड स्वतःच रक्त गोठवत होता. न्यूयॉर्कच्या दोन रुग्णालयांत कोविडच्या रुग्णांपैकी 1.6 टक्के जणांना गुठळीचा पक्षाघात झाला. फ्लूच्या रुग्णांत हे प्रमाण 0.2 टक्के होतं ('जामा न्यूरॉलॉजी', 2020). असा विषाणू पसरलेला असताना पक्षाघात आपोआप घटतील तरी कसे?

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

'लशीमुळेच लकवे वाढले.' कोव्हिशील्डच्या प्रकारातल्या लशीनंतर मेंदूच्या शिरेत गुठळी झाल्याच्या दुर्मिळ घटना खऱ्या आहेत. पण इंग्लंडमध्ये लस घेतलेल्या 2.9 कोटी लोकांच्या अभ्यासात ('बीएमजे', 2021) गुठळ्यांचा धोका लशीपेक्षा प्रत्यक्ष संसर्गानंतर कितीतरी जास्त आढळला.

'हा म्हातारपणाचा आजार.' एप्रिल 2020 मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी पन्नाशीच्या आतल्या पाच कोविडग्रस्तांची नोंद प्रसिद्ध केली. पाचही जणांच्या मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद झाली होती.

'दहाही बोटांना सुई टोचून रक्त काढा.' मोबाइलवर फिरणाऱ्या या सल्ल्याला कसलाही आधार नाही. रक्तवाहिनी बंद असताना दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे 19 लाख पेशी मरतात, आणि ती मिनिटं सुया शोधण्यात जातात.

'घरीच अ‍ॅस्पिरिन द्या.' पक्षाघात गुठळीचा आहे की रक्तस्रावाचा, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. रक्तस्राव असेल तर तीच गोळी घात करते. शिवाय गिळता न येणाऱ्या माणसाच्या घशात ती अडकू शकते.

'आता उशीर झाला, नेऊन काय उपयोग?' हा गैरसमज कोविडच्या आधीपासूनचा आहे. इंजेक्शनची मुदत साधारण साडेचार तासांची, हे खरं. पण मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी जांघेतून नळी घालून काढता येते आणि निवडक रुग्णांत हे 24 तासांपर्यंत उपयोगी ठरतं, हे 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डॉन' चाचणीने दाखवलं. हे तास रुग्ण शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हापासून मोजतात. रात्री दहाला चांगला झोपलेला माणूस सकाळी सहाला हात लुळा पडलेल्या अवस्थेत उठला, तर डॉक्टरांना रात्री दहाची वेळ सांगायची. आणि 108 ला फोन करताना जिथे चोवीस तास सीटी स्कॅन चालू असतो, अशाच रुग्णालयात न्यायला सांगायचं.